ठोकळ्याला कुणी बिघडवलं?

"आधी ठोकळा, मग चहापाणी, मग बाकी सगळं," टेम्पोतून उतरता उतरता ताईने जाहीर केलं.

"आधी ठोकळा, मग चहापाणी, मग आंघोळ, आणि आंघोळ उद्या," बटणने त्यात दुरुस्ती केली.

बटण म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. रांगत असताना त्याने शर्टाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून त्याचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं. सुट्टी लागली की दोघं काकांच्या लाकडाच्या वखारीवर यायची. पुढे काकांचं घर, घरामागे मोठं पत्र्याचं छप्पर, छपराखाली करवतीचं यंत्र, आणि त्याच्याही मागे ओंडक्यांचे नि फळ्यांचे उंच ढीग. लपायला, चढायला आणि पडायला इतकी चांगली जागा दुसरी नव्हती.

फाटकातच त्यांचा चुलत भाऊ उभा होता. त्याला सगळे काडी म्हणायचे. का, ते त्याच्याकडे एकदा बघितलं की कळायचं. एरवी तो धावत येऊन पिशव्या हिसकावून घ्यायचा. आज मात्र तो फाटकाला टेकून उभा राहिला आणि बाजूलाही झाला नाही.

"मागच्या बाजूला जायचं नाही," तो म्हणाला.

"का? भुतं राहायला आलीत?" ताईने विचारलं.

"बाबांनी सांगितलंय. ठोकळा चावतो आता."

बटणला हसू आलं. "ठोकळा? तो तर झोपेत स्वतःच्या शेपटीला घाबरायचा."

"तेव्हा तो तुझ्या मांडीत मावायचा. आता तू त्याच्या पाठीवर मावशील." काडीने मान खाली घातली. "मिस्त्रीकाकांचा हात मोडला त्याच्यापायी. करवत सोडून घरी बसलेत ते. परवा खाणीवरचा माणूस येणार आहे ठोकळ्याला बघायला. त्याला चावराच कुत्रा हवाय."

"बघायला म्हणजे?"

"न्यायला. तिकडे दगड फोडायच्या यंत्रापाशी बांधून ठेवणार. सोडत नाहीत म्हणे कधीच."

ताईने पिशवी हळूच खाली ठेवली. तेवढ्यात फळ्यांच्या ढिगांपलीकडून एक भुंकणं ऐकू आलं. खोल, घुमणारं, रिकाम्या पिंपात दगड टाकल्यासारखं. बटणचं हसू मावळलं.

मागच्या मोठ्या सुट्टीत काकांनी पिल्लू आणलं, तेव्हा ते बुटांच्या खोक्यात झोपलं होतं. त्याची आई डोंगरावरच्या एका मेंढपाळाकडे कळपाची राखण करायची. वासराएवढी दांडगी होती म्हणे. बाप कोण, ते मेंढपाळालाही ठाऊक नव्हतं. "अर्धा डोंगरी आणि अर्धा वाटेल तो," काका म्हणाले होते. पिल्लाचं डोकं चौकोनी, अंग आखूड, आणि पंजे मात्र दुसऱ्या कुठल्या तरी कुत्र्याकडून उसने आणल्यासारखे. करवतीखालून पडणाऱ्या लाकडाच्या तुकड्यासारखं दिसतं, म्हणून बटणने त्याचं नाव ठोकळा ठेवलं.

सुट्टीभर तिघांनीच त्याला वाढवलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "हा खूप मोठा होणार आहे. हाडं अजून मऊ आहेत. जिने चढायला लावू नका, उंचावरून उड्या मारू देऊ नका, आणि कौतुकाने चारून फुगवू तर मुळीच नका." त्यामुळे त्याला जिन्यावरून उचलून न्यायच्या पाळ्या लागल्या. दर आठवड्याला उचलणाऱ्याच्या तोंडून आधीपेक्षा मोठा "अगं आई गं" बाहेर पडायचा. दूध-पाव, उकडलेलं अंडं, हाडांचं कोमट पाणी, सगळं वेळेवर आणि मोजकं. तो भुशाच्या ढिगात झोपायचा आणि उठून अंग झाडलं की सगळ्यांना शिंका यायच्या. दात शिवशिवायला लागले तेव्हा त्याने काकांची एक चप्पल आणि काकूच्या खुर्चीचा अर्धा पाय फस्त केला. संध्याकाळी काम थांबलं की त्याचे खेळ बघायला सगळी वखार जमायची.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ताईने काडीला बजावलं होतं, "रोज खेळ त्याच्याशी. आपण शिकवलेलं विसरू देऊ नकोस."

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. मिस्त्रींच्या जागी काकाच करवतीवर होते; ती थांबली. काका तोंडावर वर्तमानपत्र घेऊन आरामखुर्चीत आडवे झाले. वर्तमानपत्र तालात वर-खाली व्हायला लागलं, तशी तिघं मागच्या दाराने सटकली.

"काही झालं तर मी सांगितलं होतं, एवढं लक्षात ठेवा," काडी कुजबुजला.

सगळ्यात मागच्या ढिगाच्या आडोशाला, जिथे येणाजाणाऱ्याची नजरही पडत नव्हती, तिथे ठोकळा होता. ताई जागच्या जागी थांबली. डोकं अजून चौकोनीच होतं, पण ते आता ताईच्या कमरेपर्यंत पोचत होतं. पंजे शेवटी त्याच्याच मापाचे निघाले होते. साखळी इतकी आखूड होती, की तिच्या टप्प्यातली जमीन पायाखाली घासून गुळगुळीत झाली होती.

त्याने नाक वर केलं आणि हवा हुंगली. मग त्याच्या तोंडून पिल्लासारखा बारीक आवाज आला. एवढ्या मोठ्या देहातून तो आवाज ऐकवेना. तो जमिनीवर लोळला, उठला, साखळीला हिसका बसून पडला, पुन्हा उठला. ताई पुढे गेली आणि त्याने तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत चाटून काढले.

"हा चावतो?" बटणने काडीकडे वळून विचारलं.

काडी दोन पावलं मागेच उभा होता.

ताईची बोटं ठोकळ्याच्या मानेवरून फिरत होती, ती एकदम थांबली. पट्टा तोच होता, मागच्या सुट्टीतला. शेवटच्या भोकापर्यंत सैल केलेला, तरी मानेत रुतलेला. खालचे केस झडून कातडी लाल झाली होती.

"हा वाढतोय, हे कुणाला दिसलं नाही का रे?"

"मला दिसत होतं," काडी म्हणाला.  "पहिल्यांदा मी खेळायचो रोज. मग तो इतका जोर लावायला लागला, की मी पडायचो. एकदा ओठ फुटला माझा. बाबा म्हणाले, बांधून टाका. मग मी लांबूनच यायचो. मग यायचोही नाही."

ताईने पट्टा काढून आपल्या ओढणीची घडी त्याच्या गळ्यात सैल बांधली आणि साखळीची कडी तिच्यात अडकवली. मनात आणलं असतं तर ठोकळ्याने एका झटक्यात ती तोडली असती. त्याने तोडली नाही.

"कुणाकुणाला चावला?" तिने विचारलं.

"मिस्त्रीकाका. आणि माल उचलणारे दोघं-तिघं."

"काकूला?"

"नाही. आईच रोज खायला घालते. तिला कधीच नाही. चहावाल्या पोऱ्यालाही नाही, तो तर याच्या कानात बोलतो."

"चावणाऱ्या कुत्र्याने असं माणसं निवडून चावावं, हे जरा विचित्र नाही का?" ताई म्हणाली. "बटण, चल. मिस्त्रीकाकांकडे."

मिस्त्री वखारीपासून जवळच राहायचे. दोन खोल्यांचं घर. दारातलं बाकडं त्यांनी स्वतः बनवलेलं. ते त्याच बाकड्यावर बसले होते. उजवा हात मनगटापासून प्लॅस्टरमध्ये होता आणि डाव्या हाताने ते वाटाणे सोलत होते. अर्धे वाटाणे जमिनीवर सांडले होते.

"या, या. आलात का सुट्टीला?" ते म्हणाले. "काम नसलं की माणसाला हे असलं काम मिळतं."

तिघं खाली बसून वाटाणे सोलायला लागली.  शेवटी बटणला राहवलं नाही.

"मिस्त्रीकाका, दातांच्या खुणा दाखवा ना."

"बटण," ताई दटावून म्हणाली.

"असू दे गं." मिस्त्रींनी प्लॅस्टरवरून नजर फिरवली. "खुणा नाहीत रे. दात लागलाच नाही. फळी घेऊन मागे गेलो होतो. त्याने झेप घेऊन माझा पंजा तोंडात धरला आणि लागला ओढायला. मी घाबरून हात मागे खेचला. मी खेचतोय तसा तो आणखी ओढतोय. मग पाय अडकला आणि पडलो फळ्यांच्या कडेवर. मनगट मोडलं ते पडून." त्यांनी आवाज खाली आणला. "एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. हसतील म्हणून. त्याची शेपटी हलत होती. सारखी हलत होती. चावरं जनावर शेपटी हलवत चावतं का?"

ताईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तेव्हा तुमच्या हातात हातमोजे होते का? कातडी?"

"असणारच. फळ्या उचलताना कुसळं घुसतात ना हातात. मीही घालतो, माल उचलणारेही घालतात."

ताई उठली. "येतो आम्ही," एवढंच म्हणाली आणि पायऱ्या उतरली. दोघं भाऊ तिच्यामागे धावत आले. ती रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसली होती.

"काय झालं?" बटणने विचारलं.

"कुणी बिघडवलं ते कळलं."

"कुणी?"

"मी."

काडीला एका क्षणात सगळं आठवलं. मागच्या सुट्टीतला काकांचा तो जुना कातडी हातमोजा. ताई तो हातात घालून पिल्लासमोर नाचवायची. पिल्लू उडी मारून तो पकडायचं, गुरगुरायचं, ताई ओढायची, ते आणखी ओढायचं, आणि ताई हात उचलायची तेव्हा ते हातमोज्याला लोंबकळत वर यायचं. सगळी वखार पोट धरधरून हसायची. काका हसायचे. मिस्त्रींनी तर टाळ्या वाजवल्या होत्या. पिल्लाने जितका जोर लावावा, तितकी त्याला शाबासकी मिळायची.

"तो चावत नाहीये," ताई म्हणाली. "तो खेळायला बोलावतोय. हातमोजा दिसला की त्याला वाटतं, आता कुणीतरी खेळणार आपल्याशी. आणि ते ओरडतात, काठी मारतात, पळून जातात. त्याला काय कळणार? त्याला मीच सांगितलं होतं, हे चांगलं असतं म्हणून."

बटण तिच्याशेजारी बसला. 

"पिल्लू होतं गं ते," काडी म्हणाला. "आपल्याला कुठे माहीत होतं?"

"डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, हा खूप मोठा होणार आहे. आपण जिन्याचं ऐकलं. मोठा झाल्यावर त्या खेळाचं काय होईल, याचा विचारच केला नाही."

घरी येऊन त्यांनी काकांना सांगायचा प्रयत्न केला. काका फोनवर लाकडाच्या गाडीबद्दल कुणाशी तरी भांडत होते. फोन ठेवून ते म्हणाले, "हातमोजा असो नाहीतर पायमोजा असो. ज्याच्यामुळे माझा करवतीवरचा माणूस घरी बसला, ते जनावर मला नको. आणि तुम्ही मागे गेला होतात का?"

"नाही," बटण म्हणाला आणि त्याने नेमकी ठोकळ्याच्या केसांनी माखलेली बाही मागे लपवली.

काकूला मात्र ती बाही दिसली. काका बाहेर गेल्यावर तिने ताईला स्वयंपाकघरात बोलावलं. ताईने सगळं सांगितलं. काकू बराच वेळ ओटा पुसत राहिली, जिथे पुसायला काही नव्हतं तिथेही.

"मी रोज थाळी ठेवून येते त्याच्यापुढे," ती म्हणाली. "पट्ट्याकडे कधी बघितलं नाही बघ. थाळी रिकामी झाली की नाही, तेवढंच बघायची." मग तिने फडकं पिळून टाकलं. "काय करायचं ठरवलंयत?"

"त्या खाणवाल्याला चावरा कुत्रा हवाय ना? त्याला चावरा कुत्रा दिसलाच नाही तर?"

"आणि वखारीतल्या प्रत्येकाच्या हातात हातमोजा आहे, त्याचं काय?"

"ते हातमोजे फार घाण झालेत, काकू," बटण अगदी निरागसपणे म्हणाला. "वास मारतो. कुणीतरी धुवायला पाहिजेत."

काकूने त्याच्याकडे रोखून बघितलं. "झालेतच मेले घाण," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकांची नजर चुकवून तिघांनी ठोकळ्याला एकच गोष्ट शिकवायला घेतली. ताईने हातमोजा घातला. तो दिसताच ठोकळ्याचे डोळे असे काही उजळले, की ताईला क्षणभर तिथून पळून जावंसं वाटलं. इतके महिने तो जे मागत होता, ते अखेर कुणीतरी घेऊन आलं होतं. त्याने झेप घेऊन हातमोजा धरला. ताईने ओढलं नाही. खांबासारखी उभी राहिली. हसली नाही, बोलली नाही. ठोकळ्याने ओढलं, गुरगुरून बघितलं, तिच्या तोंडाकडे बघितलं. खेळ असा मध्येच का थांबला, ते त्याला कळेना.

"सोड," ताई म्हणाली आणि दुसऱ्या हाताने उकडलेल्या मांसाचा तुकडा त्याच्या नाकासमोर धरला.

त्याने तुकडा घ्यायला तोंड उघडलं. हातमोजा सुटला.

"शहाणा," ताई म्हणाली. 

पुन्हा. पुन्हा. मग काडीची पाळी.  त्याने डोळे मिटून हात पुढे केला. ठोकळ्याने धरलं, तो हलला नाही, "सोड" म्हणाला, आणि ठोकळ्याने सोडलं. काडीने डोळे उघडून आधी स्वतःची बोटं मोजली. मग तो तिथेच भुशात बसला आणि ठोकळ्याच्या मानेत तोंड खुपसून काहीतरी पुटपुटला. ताईने आणि बटणने ते ऐकू आलं नाही असं दाखवलं.

पण संध्याकाळपर्यंत एवढंच कळलं होतं, की ठोकळा कधी सोडतो आणि कधी विसरतो. हातमोज्याचा खेळ त्याच्या मनातून काढायला एक दिवस फार थोडा होता.

खाणवाला यायच्या सकाळी वखारीत गोंधळ उडाला. माल उचलणारे हातमोजे शोधत फिरत होते. ते सगळे काकूच्या दोरीवर ओळीने टांगले होते आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं.

"कातडी हातमोजे कुणी धुतं का?" काका कपाळाला हात लावून म्हणाले.

"तुम्ही धुवायला लागलात, की मी धुणार नाही," काकू म्हणाली. काकांनी दोरीकडे पाठ फिरवली.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मिस्त्रीही येऊन छपराखाली बसले होते. घरी करमत नाही म्हणाले. मग फाटकापाशी मोटरसायकलचा आवाज आला आणि बटण धावत येऊन ताईच्या कानाला लागला. 

"ताई, तो मोटरसायकलवरून आलाय. त्याच्या हातात हातमोजे आहेत. कातडी. काळे. कोपरापर्यंत."

काही करायला वेळच नव्हता. खाणवाला काकांबरोबर सरळ मागच्या बाजूला चालत आला. बोलतानाही तो थांबत नव्हता. "मला लाड करायला कुत्रा नकोय. माणूस दिसला की अंगावर गेला पाहिजे. बघू, हात दाखवतो त्याला."

"आधी ते हातमोजे काढा," ताई पुढे होऊन खाणवाल्याला म्हणाली.

"काढले तर बोटं जातील ना," तो हसला आणि त्याने हात पुढे केला.

ठोकळ्याने झेप घेतली. काळा हातमोजा त्याच्या जबड्यात गेला. खाणवाला ओरडला आणि त्याने हात खेचला; ठोकळ्याने चारही पाय रोवून मागे ओढलं. शेपटी जोरजोरात हलत होती. काकांनी फळी उचलली. मिस्त्री उठून उभे राहिले आणि मागे भिंतीला टेकले.

"मारू नका," ताई म्हणाली. ती काकांच्या आणि ठोकळ्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "तुम्ही ओढू नका. हात ढिला सोडा. ढिला. ठोकळ्या, इकडे बघ. सोड."

ठोकळ्याने तिच्याकडे बघितलं. तिच्या हातात या वेळी काहीच नव्हतं, रिकामा तळवा होता. तो गुरगुरला. काडी येऊन तिच्याशेजारी उभा राहिला.

"सोड," ती पुन्हा म्हणाली, हळू आवाजात.

ठोकळ्याने तोंड उघडलं, हातमोजा सोडला आणि खाली बसला.

 खाणवाल्याने हातमोजा काढून बोटं उघडमीट करून बघितली. कुठे ओरखडाही नव्हता.

"एवढीशी पोर सोड म्हणाली आणि यानं सोडलं?" तो काकांना म्हणाला. "चोरही म्हणेल की सोड. हा काय कामाचा? बैठकीच्या खोलीत ठेवा याला." आणि तो तरातरा निघून गेला.

काकांच्या हातात फळी तशीच होती. त्यांनी ती हळूच ढिगावर ठेवली. मग ताईने सगळं पुन्हा सांगितलं. पट्टा, हातमोजा, खेळ, शेपटी. या वेळी काकांनी मध्ये तोंड घातलं नाही. ताईने स्वतःचा भाग सगळ्यात आधी सांगितला आणि तो सांगताना मिस्त्रींकडे बघून सांगितला.

"मीही हसलो होतो की त्या खेळाला," काका शेवटी म्हणाले. "आणि नंतर साखळी लावून मोकळा झालो. राखणदार हवा होता मला, पण राखणदाराला कुणीतरी राखावं लागतं, हे माझ्या ध्यानात नाही आलं." त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला. "आम्हा मोठ्यांना जे सुचलं नाही, ते तुम्ही शोधून काढलंत. ठोकळा इथेच राहील. मोठी जागा करू त्याला, नवा पट्टा आणू."

बटणने काडीला मिठी मारली. काडीने ठोकळ्याला मारली. ताई मात्र मिस्त्रींकडे बघत होती. ते अजून भिंतीला पाठ लावूनच उभे होते. चांगला हात त्यांनी खिशात खोल घातला होता.

ती त्यांच्यापाशी गेली. "मिस्त्रीकाका, तुम्हाला पटलं ना?"

"पटलं की. चांगलं शोधलंस तू." त्यांनी ठोकळ्याकडे बघितलं. "डोक्याला पटलं पोरी. हाताला पटत नाही. आत्ता त्याने झेप घेतली, तर मला इथे घाम फुटला. उद्या मी करवतीपुढे उभा असेन आणि मागे साखळी वाजेल, तर मान वळेल माझी. करवतीपुढे मान वळून चालत नाही." मग घाईघाईने म्हणाले, "पण ते माझं मी बघेन. मालकांना नको सांगू."

ताईने मागे वळून बघितलं. ठोकळा उताणा पडला होता आणि बटण त्याचं पोट खाजवत होता. असं तिने गेले कित्येक महिने शाळेत बसून मनात रंगवलं होतं.

ती काकांकडे गेली. "ठोकळ्याला इथे नका ठेवू," ती म्हणाली.

बटण तिच्याशी त्या दिवशी बोलला नाही. जेवताना त्याने मिठाची वाटी काडीमार्फत मागितली. काडी वाटी पुढे सरकवत म्हणाला, "मिस्त्रीकाकांना माझ्यासारखं डोळे मिटून हात पुढे करायला नाही सांगता येणार." तेव्हा बटण ताटावरून उठून बाहेर गेला आणि अंधार पडायच्या आत परत आला. त्याचे डोळे सुजले होते. "कुठे पाठवायचं मग?" एवढंच त्याने विचारलं.

त्याला पाठवायचं तर जिथून आणलं होतं तिथेच. डोंगरावर मेंढपाळाकडे त्याची आई आता म्हातारी झाली होती आणि कळपाला दुसरा कुत्रा हवाच होता. काकांनी टेम्पो काढला. मिस्त्री फाटकापर्यंत आले. त्यांनी टेम्पोच्या जाळीतून ठोकळ्याकडे बघितलं. हात पुढे केला नाही, पण "नीट राहा रे" म्हणाले.

वर कुरणात वारा होता आणि मेंढ्या पांगल्या होत्या. ठोकळा उतरला तेव्हा त्याला चालायचंच सुचेना. साखळीच्या टप्प्याएवढं चालून तो थांबायचा, मागे बघायचा. मग आणखी थोडं. मग त्याला कळलं की हिसका बसत नाही, आणि तो धावत सुटला. धावताना त्याचे पाय एकमेकांत अडकत होते.

म्हातारी कुत्री उठून आली. तिने त्याला हुंगलं आणि एकदा दटावून गुरगुरली. तो तिच्यापुढे बसला.

"काय काय येतं त्याला?" मेंढपाळाने विचारलं.

"सोड म्हटलं की सोडतो. बहुतेक वेळा," ताई म्हणाली. "आणि कातडी हातमोजा दिसला की ओढतो. ते मी शिकवलंय. तुम्ही ओढू नका, हसू नका. शांत उभे राहा. रोज थोडं थोडं. आणि पट्टा... तो अजून वाढणार आहे."

मेंढपाळाने सगळं नीट ऐकून घेतलं. "इथे पट्टा नसतो," तो म्हणाला. "पण माझ्याकडे कुत्रा देताना कुणी त्याची वाईट सवय सांगत नाही. तू सांगितलीस. बरं केलंस, मला आता शोधत बसावं लागणार नाही."

परत निघताना तिघं टेम्पोच्या मागच्या बाजूला बसली. ठोकळा मेंढ्यांच्या कडेने त्या म्हातारीच्या मागे मागे चालला होता.

"बघतही नाहीये आपल्याकडे," बटण म्हणाला.

"बरं आहे," काडी म्हणाला.

काकांनी पुढून हाक मारली, "पुढच्या सुट्टीत आणतो हं तुम्हाला त्याला भेटायला. शहाणी मुलं आहात तुम्ही."

"लगेच नको, काका," ताई म्हणाली. "आम्ही आलो की तो पुन्हा वाट बघायला लागेल."

काकांना टेम्पोच्या आवाजात ते ऐकू गेलं नाही. त्यांनी "काय?" म्हणून विचारलं, आणि ताईने मान हलवून "काही नाही" असं सांगितलं.